नावाडी बोलायला लागला

पाचवा भाग उतरायला रात्र लागली.
कूलरच्या टाकीत दोनदा पाणी भरलं.
मे महिना, खसाचा कुबट वास,
आणि पडद्यावर मुंगीच्या पायांनी सरकणारी निळी रेघ.
एकशे बारा जीबी.
पहिला भाग एका सीडीत मावायचा,
तीही ओरखडलेली,
सीताबर्डीच्या फुटपाथवर साठाची चाळीसला केलेली.

तेव्हा सक्करदऱ्यात, निमजेभाऊंच्या कॅफेत
एका खुर्चीवर आम्ही दीड-दीड माणूस बसायचो.
तासाचे पंधरा रुपये.
चार नंबरच्या मशीनवर आमचा जीव सेव्ह केलेला,
आणि एखादं पोट्टं ते मशीन उडवेल
या धाकानं निमजेभाऊंना
रोज कट चहा.

गडाला नकाशा नव्हता.
डावीकडे जा, उजवीकडे जा, कोणी सांगत नव्हतं.
दिवा घेऊन उतरायचं,
तेल संपलं की मरायचं,
मेलं की पुन्हा पहिल्या पायरीपासून.
मोनालीनं नकाशा काढला
कॉलेजच्या ड्रॉइंग शीटवर, एचबी पेन्सिलीनं.
जिथे मेलो तिथे फुली.
पुढे फुल्या एवढ्या झाल्या
की खाली गड दिसेना.

सगळ्यात तळाला काळं पाणी,
आणि नावाडी.
तो बोलायचा नाही.
नुसता हात पुढे करायचा.
जे सोडवत नाही ते त्या हातावर ठेवायचं,
मग नाव हलायची.
एवढी शांतता शाहबाजला कशी सोसावी?
त्यानं नावाड्याला आवाज दिला,
काटोल गाडीच्या कंडक्टरचा:
"काहून आला बे?
सुट्टे हायेत का?"

दुसरा भाग आला, तिसरा आला.
चौथ्यात जरा खटकलं,
पण घरचं माणूस म्हणून बोललो नाही.

आता रस्ताभर सोनेरी बाण.
दिव्यातलं तेल संपतच नाही.
मेलो तर दहा पावलं मागे अलगद उठवतात
आणि शाब्बास म्हणतात.
कशाबद्दल?
रोज हजेरी लावली तर नाणी.
गडाच्या दारातच दुकान, दुकानात टोप्या,
एक टोपी तर सशाच्या कानांची.

आणि नावाडी बोलतो.
घोटलेला, गुळगुळीत आवाज,
विमानाचं दार लावल्यावर स्वागत करतात तसा.
हात पुढे करत नाही.
या, बसा, म्हणतो, भाडं भरलेलं आहे.

भाची शेजारी संत्रा बर्फी खात होती.
"मस्त आहे की. तोंड पाडून काहून बसला, मामा?"
काय सांगणार होतो तिला?
मला अंधार पाहिजे होता?
कोणीतरी मला पुन्हा पुन्हा मारावं,
तेही पंधरा रुपयांत?
तिनं बोटं फ्रॉकला पुसली
आणि बाणाच्या मागे मागे पळत
वीस मिनिटांत काळ्या पाण्यापर्यंत गेली.
आम्हाला एक अख्खी दिवाळीची सुट्टी लागली होती.

मोनालीला मेसेज टाकला. ती मिहानमध्ये, रात्रपाळीला.
उत्तरात त्या शीटचा फोटो आला.
घड्यांवर फाटलेली, चिकटपट्टी पिवळी पडलेली.
खाली एक शब्द नाही.

भाची झोपली.
पावणेदोनला मी पडद्याचा आवाज बंद केला
आणि शाहबाजला फोन लावला.
मोमिनपुऱ्यात त्याचं बॅटऱ्यांचं दुकान,
या उन्हाळ्यात माणसाला मान वर करायची फुरसत नाही,
हे सगळं माहीत असून लावला.
नवव्या रिंगला उचलला.
आधी नुसता श्वास, मागे पंखा,
मग घशातून खरवडून:
"काहून उठवलं बे?"

पडद्यावर नेमके तेव्हाच
नावाड्याचे ओठ हलत होते.
जुळलं नाही नीट.
अर्ध्या सेकंदाचा फरक पडला.

चालते.